भाड्याची व्हायोलिनं

बाई, कसब्यातल्या तुमच्या वरच्या खोलीत आम्ही शिकायचो तेव्हा खाली तांबटांचे हातोडे चालू असायचे आणि तुम्ही म्हणायचात, "ह्या गोंगाटात ज्याला आपला सूर ऐकू येत नाही, त्याने व्हायोलिन गुंडाळून ठेवावं." एकदा मी बोटं नेमकी पडावीत म्हणून खुणेच्या चिकटपट्ट्या लावून आलो. तुम्ही त्या नखाने खरवडून काढल्यात आणि म्हणालात, "खुणा बघून वाजवायचंय? मग पेटी शीक." शेवटी मी तेच केलं. आता हडपसरच्या फ्लॅटमध्ये बसून मालिकांना संगीत देतो आणि व्हायोलिनं कीबोर्डवर वाजवतो.

परदेशात मोठ्या हॉलमध्ये वादक बसवतात, त्यांच्याकडून एकेक सूर हळू, जोरात, ओढून, तोडून वाजवून घेतात आणि तो साठा लायब्ररी म्हणून विकतात. विकतात, हा माझा गैरसमज. गेल्या महिन्यात एका मालिकेचं शीर्षकगीत होतं. निर्मात्याला भव्य हवं होतं. नायिकेच्या साडीलाही तो हाच शब्द वापरतो. काम खराडीच्या स्टुडिओत, तिथलं सॉफ्टवेअर वेगळं. माझी लायब्ररी तिथे उघडेना. कंपनीला फोन केला, तर एक गोड आवाजाचा मुलगा म्हणाला, "सर, तुमचं लायसन्स दुसऱ्या प्लॅटफॉर्मचं आहे. ह्यासाठी वेगळं घ्यावं लागेल."

"व्हायोलिनं तीच ना?"

"हो सर, साउंड सेमच आहे."

"मग मी विकत काय घेतलं?"

"विकत नाही सर, वापरायची परवानगी."

"मी मेल्यावर माझ्या मुलीला चालेल?"

"ट्रान्स्फर होत नाही, सर. आणखी काही मदत करू?"

तोच सूर एका ठिकाणी एका भावाने, दुसरीकडे दीडपट, तिसरीकडे महिन्याच्या भाड्याने; आणि आपण घेतलं की आठवड्यात सणाची सूट. मंडईत कोणी गिऱ्हाइकाची पिशवी बघून कांद्याचा भाव बदलला तर लोक गाडी उलटी करतील. इथे आम्ही सुशिक्षित माणसं मुकाट्याने पासवर्ड टाकतो. तुम्ही तुमचं जुनं व्हायोलिन मला दिलंत तेव्हा "ओल लागू देऊ नकोस" एवढी एकच अट होती.

दोन दिवसांत गाणं द्यायचं होतं, म्हणून मी तिला फोन केला. तुमची ती विद्यार्थिनी, जिला तुम्ही माझ्यापेक्षा वरचढ मानायचात आणि ते लपवायचाही नाहीत. ही लायब्ररी आल्यापासून सहा वर्षांत मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं. ती हल्ली एका शाळेत मुलांना शिकवते. तिने कारण विचारलं नाही. "पट्टी कुठली, तेवढं सांग," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खराडीला हजर. तीच ओळ चार वेळा वाजवली, एकावर एक बसवून चार व्हायोलिनं वाटावीत म्हणून. काचेपलीकडचा स्टुडिओवाला, जो कधी मान वर करत नाही, मोबाइल पालथा ठेवून ऐकत होता.

दुपारी निर्मात्याने ऐकलं. "छान आहे, पण एकटं वाटतं. जरा भव्य करा ना." ह्या माणसाला व्हायोलिन आणि सनई ह्यांतला फरक कळत असेल, असं मला वाटत नाही. पण मी वाद घातला नाही. संध्याकाळच्या आत त्याच व्हायोलिनांची दुसऱ्यांदा परवानगी काढली, तिचं वादन पूर्ण काढून टाकलं आणि लायब्ररीतली ती पन्नास परकी माणसं तिच्या जागी बसवली. त्या कंपनीला मी आत्तापर्यंत नावं ठेवली खरी, पण हे कंपनीने मला करायला सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मालिका सुरू झाली. तिचा फोन आला. वर्गातल्या मुलांना तिने सांगून ठेवलं होतं, सातला लावा, त्यात मी आहे.

"आवाज जरा वेगळा वाटतो रे," ती म्हणाली.

"मिक्सिंगमध्ये होतं तसं."

"असेल," ती म्हणाली आणि मुलीची चौकशी केली.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं, बाई. हे सगळं लिहायला मला तीन दिवस लागले. तिला खोटं सांगायला एक क्षणही लागला नव्हता.