झोपलेला मान

वुडलँड्स, सिंगापूर
४ जानेवारी २०१५

ती. बाबांना अनघाचा शि. सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशनपासून फोनवर तुमचा नुसता श्वास ऐकू येतो, म्हणून पुन्हा पत्रं. वन-नॉर्थ स्टेशनला जाताना एमआरटीच्या डब्यात बसून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका.

तुमच्या नातीने, गार्गीने, सध्या घर डोक्यावर घेतलंय. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने इंग्लंडमधली मध्ययुगातली एक सरदारकी निवडली आहे. राजाने एका बॅरनला दरबारात बोलावलं आणि तेवढ्यावरून ती पदवी त्याच्या वंशात चालू लागली. थोरला मुलगा, मग त्याचा थोरला. एका पिढीत मात्र नुसत्या मुलीच झाल्या. कायद्याने सगळ्या बहिणी सारख्या, म्हणून कुणालाच नाही! पदवी तशीच झोपून राहिली, कित्येक पिढ्या. हे फेअर नाही लाह, असं इथल्या पोरांसारखं म्हणत गार्गी घरभर फिरते आहे.

मी सहज तिला सांगितलं, की शिमग्याला देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. तर आजोबांनंतर कोण, असं तिने विचारलं. म्हटलं, आजोबांनाच विचारते.

घसा जपा. माया आहेच, तशीच असू द्या.

आपली,
अनघा

आंबेशेत
१६ जानेवारी २०१५

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मास्तरकी सुटली तरी खोड जात नाही, म्हणून गार्गीला प्रश्न: बहिणी सारख्या, तर आळीपाळीने का नाही? आणि झोपलेली पदवी जागी कोण करतं? नीट शोधून कळवायला सांग.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं आहे. यंदा माझा आवाज निघणार नाही. आपला श्रीनिवास गाऱ्हाणं घालायला तयार आहे. चुलतभावाचा मुलगा, पोरगा चांगला आहे. पण गावकऱ्यांनी आधी मलाच विचारलं, तुमच्या मुलींचं काय? असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी चाट पडलो. तू आणि मीनल, दोघींनी आपापलं मत कळवा.

जावईबापूंना आशीर्वाद. आठवण ठेवता, तशीच ठेवत जा.

तुझे,
बाबा

वुडलँड्स
२६ जानेवारी २०१५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

गार्गीचं उत्तर: सरदारकीचे तुकडे होत नाहीत, म्हणून आळीपाळी नाही. इतर बहिणींचे वंश संपून एकच उरला तर त्याला ती मिळते. नाहीतर राजाने जागी करायची, पण राजा आपण होऊन करत नाही. कुणाला तरी जाऊन मागावी लागते. हिच्या बॅरनची पदवी शेवटी एका मुलीच्याच वंशजाने मागून घेतली.

आपल्या मानाचं म्हणाल, तर तो ताईचा. ती थोरली, शिवाय नाशिकहून येणं सोपं. तिच्यापुढे मी कोण? तिलाच द्या.

पथ्य मोडू नका. रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपली,
अनघा

आंबेशेत
५ फेब्रुवारी २०१५

चि. अनघास आशीर्वाद.

तुझं आणि मीनलचं पत्र एकाच दिवशी आलं. तिने लिहिलंय, धाकटीचा आवाज खणखणीत, लहानपणी गाऱ्हाणं तिलाच पाठ होतं, तिलाच द्या. तू लिहिलंस, ताईला द्या. गावकरी म्हणाले, दोघींनाही नको आहे, मग श्रीनिवासच बरा. मला पाटीवर लिहून समजवावं लागलं, की आमच्या घरात शेवटचा लाडू असाच ताटात सुकतो! कुणाला पटलं नाही.

इंग्लंडातल्या बहिणी सारख्या म्हणून पदवी झोपली. तुम्ही दोघी शहाण्या म्हणून झोपवताय. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. पंधरा दिवसांत गाव ठरवणार आहे.

सर्वांना आशीर्वाद. लोभ पूर्वीइतकाच आहे, हेही लिहून ठेवतो.

तुझे,
बाबा

वुडलँड्स
११ फेब्रुवारी २०१५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कुरियरने पाठवतेय, उशीर नको.

काल पोळ्या लाटता लाटता मी गाऱ्हाणं म्हणून पाहिलं. एक शब्द विसरले नव्हते. दर ओळीला गार्गी 'होय महाराजा' म्हणत होती, तिच्या त्या सिंगापुरी हेलात. मला रडू आलं. मग तिने विचारलं, आई, तुला हवं आहे की नाही? सरळ सांग.

बाबा, मला हवं आहे. ताई थोरली म्हणून नको म्हटलं, पण ते मनापासून नव्हतं. मी मागते आहे. रजा टाकली आहे, गार्गीचं आणि माझं तिकीट काढलं आहे.

आशीर्वाद असू द्या, या खेपेस जरा जास्तच.

आपली,
अनघा

आंबेशेत
१४ फेब्रुवारी २०१५

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

तुझं कुरियर सकाळी आलं. दुपारी मीनल स्वतःच नाशिकहून येऊन थडकली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, बाबा, मान मला हवा, अनघाला सांगू नका. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. वाचून ती आधी रागावली, मग हसत सुटली.

गावकऱ्यांना कळवलंय, की दोघींनाही हवा आहे. ते म्हणाले, भांडण असेल तर चांगलंच, घर जागं आहे. श्रीनिवास म्हणतो, बहिणींचं मिटेपर्यंत पालखीला खांदा मी देतो.

तेव्हा ये आणि ताईशी पोटभर भांड. जिंकेल तिने गाऱ्हाणं घालावं. मी गार्गीशेजारी उभा राहीन. ती म्हणेल ते 'होय महाराजा' माझ्याही वाटचं.

तुझे,
बाबा