माझ्या पेटीसोबत कोणीही जायचे नाही

मी सखीदाद, वडिलांचे नाव खुदाबख्श, धंदा नान भाजण्याचा, मूळ अफगाणिस्तानातल्या जाघोरीचा, सध्या राहणार डँडेनाँग, मेलबर्न, पूर्ण शुद्धीत आणि चांगल्याच रागात हे लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरचा दाखला जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही.

घर, बँकेतली शिल्लक आणि मागच्या अंगणातला तंदूर माझी पत्नी गुलचमन हिला. तंदूर मी स्वतः लिंपला आहे. शेजारच्या मॉरीनबाईंनी त्याच्या धुराची तक्रार केली आणि त्याच संध्याकाळी कुंपणावरून गरम नान मागून नेले. त्यांना यापुढे नान देऊ नये.

आश्रयाच्या सुनावणीला घातलेला कोट कोणालाही न देता जाळावा. समोरच्या साहेबीणबाईंनी विचारले होते, "तिथं जिवाला धोका आहे म्हणता, मग तुमचे भाऊ कसे राहतात?"

"राहत नाहीत बाई, पुरलेत."

त्या पाणी प्यायल्या आणि पुरावा मागितला. पुढे वरच्या कोर्टाने आम्हा दोघांना आश्रय दिला. या बाईंचे त्यात काहीही नाही.

आता मुख्य बाब. आमच्यात माणूस परक्या देशात मेला की इथल्या आमच्या लोकांचे मंडळ वर्गणी काढून पेटी गावी पाठवते, आणि बायकोने सोबत जाऊन चाळिसावा घालायचा असतो. मात्र आश्रय घेतलेल्याने परवानगीवाचून मायदेशी पाऊल ठेवले तर आश्रय जातो. माझा मित्र बरातअली वारला तेव्हा त्याची बायको शाहपरी दारात रडत होती, "मला परत घेतील का हो?"

मंडळाचे अध्यक्ष हाजी ऐवज छाती काढून म्हणाले, "अगं, नवऱ्याला सामानासारखं एकटं धाडतेस? लोक तोंडात शेण घालतील. कागदाचं आम्ही बघतो ना!"

ती गेली. परतताना विमानतळावरच अडवली. धोका होता तिथे चाळिसाव्यापर्यंत राहिलातच कशा, असे विचारून तिचा आश्रय काढून घेतला. ती आज बंदिवासात आहे, परत पाठवणीची वाट बघत. हाजीसाहेब म्हणतात, "मला काय ठाऊक? मी काय वकील आहे?" वकील नाहीत, उंटावरचे शहाणे आहेत. स्वतः इथले नागरिक असल्यामुळे बिनघोर जाऊन येतात.

म्हणून मला इथेच पुरावे. माझ्या नावाने वर्गणी काढू नये. गुलचमनने विमानात पाय ठेवू नये.

हे ऐकून ती म्हणाली, "आणि तुमच्या आईशेजारची जागा? ती कुणासाठी राखलीय?"

"राहू दे रिकामी. तू इथं राहा, म्हणजे झालं."

ती पीठ मळायला उठून गेली. खरे सांगायचे तर मला आईशेजारीच झोपायचे आहे, रोज वाटते. तेव्हा शेवटच्या तापात मी 'गावी न्या' म्हणेन. ते माझे म्हणणे धरू नये. मी रडलो तरी धरू नये.

ठिकाण: डँडेनाँग. तारीख: १४ जुलै २०१९.
सही: सखीदाद

साक्षीदार: मॉरीन डॉब्स, शेजारीण. (सहीनंतर एक नान दिले. अपवाद समजावा.)

साक्षीदार: हाजी ऐवज, मंडळाचे अध्यक्ष. (यांना मुद्दाम बोलावून सगळे मोठ्याने वाचून दाखवले, मगच सही घेतली. आता यांना ठाऊक आहे.)