कॉम्पॅक्टचं काम, दोन दिवसांचं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एका लिफ्टवाल्या कंपनीची मागणी आली आहे. त्यांची लिफ्ट अधूनमधून दोन मजल्यांच्या मध्येच थांबते. तिचा प्रोग्राम नेमका कुठे अडतो, ते आपल्या डीबगरने, म्हणजे चुका शोधून देणाऱ्या प्रोग्रामने, दाखवायचं. त्यासाठी प्रोग्रामसोबत त्याची सगळी माहिती, म्हणजे आतली नावं, ओळींचे आकडे वगैरे, असावी लागते, आणि ती भलतीच जाडजूड असते. लिफ्टच्या यंत्रात मेमरी बेताची, तिथे ती मावत नाही. म्हणून त्यांनी कॉम्पॅक्ट, म्हणजे काटछाट केलेली, माहिती घ्यायचं ठरवलंय. आपल्या डीबगरला अजून ती वाचता येत नाही. किती दिवस लागतील, विचारलं. मी म्हणालो, दोन. साहेबांनी मार्चअखेर लिहून घेतलं. माणसाची पारख नाही.

हे जमलं तर टीम लीडच्या जागेचं बघू, म्हणाले. ज्या तऱ्हेने "बघू" म्हणाले, त्यात सगळं आलं.

संध्याकाळी.
सासऱ्यांना फोन करून लीड झाल्याचं कळवलं. बायको म्हणाली, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. तिच्या माहेरच्यांना आनंद होईल म्हणून केलं, तर हे.

४ फेब्रुवारी.
संकल्प: रोज कॉम्पॅक्ट फॉरमॅटचा दस्तऐवज वाचायचा, मगच कोडला हात लावायचा. आज प्रस्तावना वाचली. एकूण कल्पना आली.

५ फेब्रुवारी.
दस्तऐवज पुरे. सगळंच वाचून करायचं तर अनुभव कशाला कमावला?

१० फेब्रुवारी, सोमवार.
दोन दिवस उलटले, हे मान्य. पण मधला शनिवार-रविवार धरायचा नसतो. शिवाय खुर्चीचं चाक निघालं होतं.

लेक सायकल शिकव म्हणून मागे लागली आहे. लीड झालो की लगेच, असं वचन दिलं. किती दिवसांनी, असं तिने विचारलं. दोन, म्हणालो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
झालं! कोड जोडला, चाचणीची फाइल उघडली, आणि पहिल्याच फटक्यात फंक्शनची नावं, व्हेरिएबल्स, ओळींचे आकडे, सगळं पडद्यावर. एकही चूक नाही. मलाच कौतुक वाटलं.

टेस्टिंगच्या बाई आल्या. मी त्यांना मनात शंकासुर म्हणतो. त्यांनी विचारलं, कॉम्पॅक्टमध्ये ओळींचे आकडे नसतातच ना, मग हे कुठून आले? मी म्हणालो, आमचा कोड समजून घेतो. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

३ मार्च, सोमवार.
आज एक गंमत. माझा कोड चाळताना दिसलं की एका ठिकाणी मी अट उलटी लिहिली आहे. या हिशोबाने एकही नाव दिसायला नको. तरी सगळं बरोबर दिसतंय! कोड इतका भक्कम की चुकीलाही जुमानत नाही. अट तशीच ठेवली. चालत्या गाडीला खीळ कशाला?

शंकासुर पुन्हा. चाचणीच्या फाइलीत जुनी जाडजूड माहितीही तशीच आहे, ती काढून एकदा चालवा, म्हणाल्या. मी म्हणालो, बघू. "बघू" हा शब्द मी साहेबांकडून शिकलो.

१४ मार्च, शुक्रवार.
घरी आलो तर लेक आवारात सायकल चालवत होती. तिची आई मागे धावत होती, मग धावायची थांबली तरी लेक पडली नाही. कधी शिकलीस, विचारलं. गेल्या आठवड्यात, म्हणाली. मी उशीर केल्यामुळेच तिला स्वतःचं स्वतः शिकायची सवय लागली. हेही एक प्रकारचं शिकवणंच.

बायकोने विचारलं, तुझ्यावाचून लेकीचं काहीतरी अडायला हवं होतं, नाही का? काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

२४ मार्च, सोमवार.
परवा लिफ्टवाल्यांसमोर डेमो. शंकासुरांचा मेल, साहेबांना प्रत ठेवून: "जुनी माहिती काढलेल्या फाइलीवर अजून कुणी चालवून पाहिलेलं नाही." द्वेष, दुसरं काय. घोडामैदान जवळच आहे.

संकल्प: उद्या एकदा चालवून बघायचं.

२५ मार्च.
शर्ट इस्त्रीला टाकला. केस कापले. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत बूट शोधले. चालवायचं राहिलं.

२६ मार्च, बुधवार.
लिफ्टवाल्यांनी आपलं यंत्र आणलं होतं. हातात मावेल एवढं. त्यात फक्त कॉम्पॅक्ट माहिती. मी प्रास्ताविक केलं, चांगलं झालं. मग बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली: माहिती सापडली नाही. पुन्हा दाबलं. सापडली नाही. लिफ्टवाल्या बाईंनी वायर हलवून पाहिली. त्यांचा स्वभाव चांगला आहे.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या चाचणीच्या फाइलीत जुनी आणि कॉम्पॅक्ट, दोन्ही माहिती होती का?" होती. डीबगरला दोन्ही दिसली की तो जुनीच उचलतो. म्हणजे इतके दिवस पडद्यावर दिसत होतं ते सगळं जुन्या माहितीतून. माझ्या कोडपर्यंत तो कधी आलाच नाही. एकदाही नाही.

लिफ्टवाले चहा न घेता गेले.

२७ मार्च.
डोकं दुखतंय म्हणून घरी. तसा दोष फाइलीचा आहे. दोन्ही प्रकारची माहिती तिच्यात कुणी ठेवली, याची चौकशी व्हावी. मीच ठेवली होती, पण चौकशी तत्त्वाची असते.

२८ मार्च, शुक्रवार.
लीडची जागा टेस्टिंगच्या बाईंना मिळाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलंही नाही, मेलवरच कळवलं.

बाईंनी पहिलं काम मला दिलं. कॉम्पॅक्टचा माझा सगळा कोड काढून टाका, सोमवारपासून दस्तऐवज सोबत बसून वाचू आणि नव्याने लिहू. मनात म्हटलं, काढतो. डीबगर कोसळला की माझी किंमत कळेल. काढला. डीबगर चालू केला. जुन्या टेस्ट एकेक करून चालवल्या. सगळ्या पास. नेहमीपेक्षा जरा लवकरच संपल्या.

बाईंनी निकालाची नोंद करून घेतली. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

घरी लवकर आलो. बायको भाजी निवडत होती. आज काय केलंस, विचारलं. दोन महिन्यांचं काम काढून टाकलं, म्हणालो. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"मग? कुणाचं अडलं का रे काही?"

नाही, म्हणालो. कुणाचंच नाही.