ओव्हरफ्लोची बाजू

प्रिय बाबा,

पत्र लिहायचं टाळत होते हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तुमचं निम्मं रागावणं इथेच उरकेल. आधी टाळलं ते आळसाने. मग लाजेने, कारण इतके महिने न लिहिल्यावर सुरुवात तरी कुठून करायची? आणि परवापासून टाळतेय ते भीतीने. मोजणी खात्याच्या शहरातल्या ऑफिसातून तुम्हाला फोन गेलाय हे मला ठाऊक आहे. 'शोध चालू आहे' एवढंच त्यांनी सांगितलं असणार, आणि तेवढंच खरं आहे. दादा अजून डोंगरावरून खाली आलेला नाही.

हे एक वाक्य लिहायला किती कागद चुरगळले विचारू नका. आता लिहून झालंय, तर बाकीचं सांगते. सांगताना मी भरकटणार. आई म्हणते ना, हिला मीठ आणायला पाठवलं तर ही समुद्र बघून येईल आणि मीठ विसरून येईल. तर चालवून घ्या.

मी आत्ता छावणीच्या जेवणघरात बसलेय. लांब टेबल, मध्ये शेगडी, शेगडीभोवती सगळ्यांचे ओले बूट तोंड वासून बसलेले. दुपार आहे, पण खिडकीतून बघाल तर कुणी काचेला बाहेरून चुना फासलाय असं वाटेल. नुसतं धुकं. पलीकडे मोरी आहे, तिथे आचारी काका भांडी घासतायत. मध्येच ते नळ उघडतात, बंद करतात, त्याच्याकडे बघत राहतात. त्याचं कारण पुढे येईल.

बाबा, आधी हा मुलूख समजून घ्या, त्याशिवाय दादाचं काय झालं ते कळायचं नाही. शाळेत मला हे कधी कळलं नाही. 'नैसर्गिक विभाग सांगा' म्हटलं की मी खिडकीबाहेर बघायचे. इथे मी मोजणीच्या टोळीत रंगाचा डबा आणि काठ्या उचलते, आणि तेच नैसर्गिक विभाग रोज पायाखाली येतात. टोळीच्या प्रमुख एक बाई आहेत, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. त्या म्हणतात, सरकार रेघा नंतर मारतं, झाडांनी त्या आधीच मारलेल्या असतात, आपण फक्त त्या शोधायच्या. खाली पायथ्याचं जंगल: झाडं इतकी उंच की शेंडा बघायला गेलं की टोपी पडते, खाली कायम संध्याकाळ. मग पायऱ्यांचा पट्टा. म्हणजे डोंगर एकदम चढत नाही, चढतो, थोडा सपाट होतो, पुन्हा चढतो, आणि प्रत्येक सपाटीवर ओढा जरा दम खातो. आणि सगळ्यात वर माथा. तिथे झाडं माझ्या कमरेएवढी, सगळी एकाच अंगाला वाकलेली, जणू वाऱ्याने भांग पाडलाय. जमीन म्हणावी तर जमीन नाही, शेवाळाचा भिजलेला स्पंज. पाय टाकला की पाणी बुटात, पाय उचलला की बूट पाण्यात.

तुमच्या नळकामाच्या भाषेत सांगते. माथा म्हणजे गच्चीवरची टाकी. पाऊस नसला तरी ती धुक्याने भरते. आणि टाकीला असतात तशी तिला दोन तोंडं आहेत. एक वापराचं. ते पूर्वेला, आमच्या बाजूला. ते पाणी पायऱ्या उतरत उतरत सावकाश खाली येतं. कुणीही त्याच्या काठाने चालत यावं, म्हातारीनेसुद्धा. दुसरं तोंड ओव्हरफ्लोचं, पश्चिमेला. तिथे पायऱ्याच नाहीत. माथा संपतो आणि कडा लागतो. पाणी सरळ खाली पडतं, आणि इतकं खोल पडतं की पडल्याचा आवाज वर येत नाही. कड्याच्या तळाशी वस्ती आहे म्हणतात. ती आमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही, कारण तिकडे जायला गाडीला अख्ख्या मुलुखाला वळसा घालावा लागतो. फोन तर ना तिकडे लागत, ना इकडे. एकाच टाकीचं पाणी पिणारी माणसं, पण तोंडओळख नाही.

आणि खरी गोम ही की माथ्यावर ही दोन्ही पाणी शेजारी शेजारी निघतात. एकाच झुडपाच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरं. बोटभर जाडीची धार, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या, दोन्ही सुरुवातीला तितक्याच गरीब. पहिल्यांदा वर गेले तेव्हा मी दोन्हींत एकेक पाय ठेवून उभी राहिले होते. बाई म्हणाल्या, 'तुझ्या डाव्या बुटातलं पाणी एका समुद्राला जाईल आणि उजव्यातलं दुसऱ्या.' मी म्हटलं, जाऊ दे की, दोन्ही बूट गळकेच आहेत. तेव्हा सगळे हसले होते. आता त्यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही.

कारण बाबा, तुमचा नियम. लहानपणी लोकांच्या घरी गळती शोधायला तुम्ही आम्हा दोघांना घेऊन जायचात. भिंतीला कान लावायला मी आणि बॅटरी धरायला दादा. तेव्हा तुम्ही सांगायचात, काही सुचेना झालं की पाण्याच्या मागे जा, माणूस चुकतो, पाणी चुकत नाही. जत्रेत हरवलो तरी हेच, जंगलात हरवलो तरी हेच. मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. दादाने गाठ मारून ठेवलं. त्याचं सगळंच तसं. मी गावोगाव भटकत राहिले आणि तो तुमची पान्यांची पिशवी उचलत राहिला. मला 'भिंगरी' म्हणायचा तोच एकटा, आणि तुम्ही त्याला दटावायचात की असलं नाव ठेवलंस म्हणूनच ही एका जागी टिकत नाही. इथे बाईंनी माझ्या बिल्ल्यावर काय नाव लिहू विचारलं तेव्हा भिंगरी ओठावर आलं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, तो दादाचा हक्क. बाईंनी 'नवी' लिहिलं, तेव्हापासून मी इथे नवीच आहे.

बिल्ल्याचंही सांगायला हवं. जेवणघराच्या दाराशी फळी आहे, तिला खिळ्यांच्या दोन ओळी. वर जाणाऱ्याने आपला लाकडी बिल्ला वरच्या ओळीत अडकवायचा, परत आलं की खालच्या. दिवे लावायच्या वेळी बाई फळीकडे बघतात. वरची ओळ रिकामी असली की छावणी निर्धास्त. इतकी निर्धास्त की माणसं कुणी मोजत नाही.

परवा मी बाईंबरोबर माथ्यावर होते. इकडे सामानाच्या गाडीतून दादा उतरला, मला घरी न्यायला तुम्ही पाठवलेला. काकांनी त्याला चहा दिला, म्हणाले, 'बस, संध्याकाळी येईल ती.' तर दादा म्हणाला, 'काका, संध्याकाळी आपण कुठे असू हे तिलाच माहीत नसतं. मी इथे बसलो तर ती पलीकडून पसार होईल.' चहा पिता पिता त्याने मोरीचा गळका नळ पाहिला. मग काय विचारता. पिशवी सोडली, वॉशर बदलला, नळाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, टेप आणि पाना तसेच खिशात घातले आणि पिशवी इथेच ठेवून वर निघाला. काका म्हणाले, धुकं यायच्या आत परत फिर. तो म्हणाला, हा गेलो न् हा आलो.

पाहुण्याला बिल्ला नसतो, बाबा.

आम्ही दुसऱ्या पायवाटेने उतरलो. धुकं आमच्या पाठोपाठ उतरलं. फळीवर सगळे बिल्ले खाली. काकांना वाटलं, बहीणभाऊ भेटले असतील, तंबूत गप्पा मारत बसले असतील. मला तो आल्याचा पत्ताच नाही. ताट वाढताना काकांनी विचारलं, 'भाऊ कुठेय गं तुझा? त्याचंही वाढू ना?' मी हसले. म्हटलं, काका, माझा भाऊ घर सोडून नाक्याच्या पुढे जात नाही. काकांनी कोपऱ्यातली पिशवी उचलून टेबलावर ठेवली. तुमची पिशवी. पट्ट्याला तुम्ही तारेने घातलेला टाका आहे ना, तो दिसला आणि माझ्या हातातलं ताट शेजारच्याने धरलं म्हणून वाचलं.

काल उजाडल्यापासून शोध चालू आहे. बाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि पट्ट्यापट्ट्याने माणसं वाटली. थोडी पायथ्याला, बरीचशी पायऱ्यांच्या पट्ट्यात, कारण वाट चुकलेला माणूस बहुतेक तिथेच सापडतो. ओढ्याच्या काठाने सगळ्या सपाट्या पालथ्या घातल्या. हाका मारून मारून काकांचा आवाज बसला. बुटाचा ठसा नाही, काही नाही. मी माथ्यावरच्या टोळीत होते. ज्या झुडपाचं मी मघाशी सांगितलं, तिथून थोडं पश्चिमेला मला एक पांढरी चिंधी दिसली, फांदीला गुंडाळलेली. आमच्या मोजणीच्या फितीही पांढऱ्याच असतात, म्हणून बाकीचे पुढे गेले. मी ओढून पाहिली. ती ताणली गेली. फीत फाटते, बाबा, ताणली जात नाही. ताणली जाते ती नळाची टेप. दादा खुणा करत गेला होता, आणि गेला होता तो चुकीच्या पाण्याच्या मागे. धुक्यात त्याला धार सापडली, तुमचा नियम आठवला, आणि त्याला बिचाऱ्याला कुठून कळणार की या टाकीला ओव्हरफ्लोसुद्धा आहे!

बाईंनी ऐकून घेतलं. मला वेड्यात नाही काढलं. टेप बोटांवर ताणून बघितली. मग म्हणाल्या, 'पटतंय मला. म्हणूनच सांगते, त्या बाजूला मी कुणालाही उतरू देणार नाही. एकाला शोधताना दुसरा घालवायचा नाही.' दोर घेऊन उतरणारी माणसं त्यांनी मागवली आहेत. ती आज पोचतील. पण धुकं उठल्याशिवाय ती कड्यावरून दोर सोडणार नाहीत, आणि धुकं कधी उठेल ते धुक्यालाच माहीत. आज सकाळपासून सगळे असेच बसलेत. कुणी माझ्याकडे बघत नाही, आणि मी वर बघितलं की सगळे माझ्याकडेच बघत असतात.

तुमच्या उजव्या हाताचं मला कळलं. काकांकडून. घरची बातमी आणि आचाऱ्याच्या तोंडून, बघा माझी तऱ्हा! दादा त्यांना म्हणाला होता, 'बाबांच्या हातात पाना ठरत नाही आता. पण हे तिला इथे सांगायचं नाही, नाहीतर ती रडत घरी येईल. तिला हसत न्यायचंय.' काकांनी तरीही सांगितलं. ते म्हणाले, असल्या वेळी पोटात ठेवू नये. म्हणजे इतके दिवस तुम्ही मला घरी बोलावत होतात ते हट्टाने नाही. एवढं एक वाक्य तुम्ही स्वतः कळवलं असतंत तर मी आले असते हो. पण ते राहू द्या. आपल्या घरात सगळ्यांना पाण्याचं बोलता येतं, स्वतःचं कुणालाच येत नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. उद्या उजाडलं की मी त्या बाजूने उतरणार आहे. धुकं असो वा नसो. बाईंना सांगितलेलं नाही. कड्याच्या कडेने एक घळ आहे, बाईंच्या नकाशात ती तुटक रेघेने दाखवलीय, म्हणजे तिथून कुणी गेलेलं नाही. मी घसरत, बसत, जमेल तशी जाईन. एका जागी बसून राहण्याची अक्कल मला तुम्ही शिकवूनही आली नाही, ती आता कुठून येणार? जाताना माझा बिल्ला वरच्या ओळीत लावून जाईन. काल काकांनी एक कोरा बिल्ला तासून दिला, त्यावर मी 'दादा' लिहून तो वर अडकवलाय. त्याच्या शेजारीच माझा लावेन. दोघांपैकी कुणीच परत आलं नाही तर लोक तुम्हाला काहीबाही सांगतील, आणि तुम्ही अंधारात बसून एकच गोष्ट घोकत राहाल की तुम्हीच त्याला पाठवलंत आणि तो नियमही तुम्हीच शिकवलात. म्हणून माझ्या अक्षरात हे तुमच्याजवळ असावं. नियम बरोबर आहे, बाबा. पाणी चुकलेलं नाही. दादाही चुकलेला नाही. धारा दोन होत्या, आणि त्याला त्यातली एकच दिसली. एवढंच झालंय. सामानाची गाडी थोड्या वेळाने खाली जाईल, तिच्याबरोबर हे देते. आईला वाचून दाखवताना हा शेवट गाळा.

तुमचीच,
एका जागी न टिकणारी

थांबा. अजून गाडी गेलेली नाही, म्हणून खाली लिहितेय. फाटकाशी कसलीतरी गाडी आलीय. सगळ्यांना वाटलं दोरवाली माणसं, म्हणून सगळे उठले. ती नाहीत. दुधाच्या कॅनांनी भरलेला टेम्पो आहे, चाकं चिखलाने माखलेली, आणि चालवणारी एक दणकट बाई आहे, इथे कुणीच न पाहिलेली. दारातूनच ती ओरडून सांगतेय की ती कड्याखालच्या वस्तीतून आलीय, अख्खा वळसा घालून, काल दुपारपासून गाडी चालवतेय, पायाला फळ्या बांधलेल्या माणसाने तिला पाठवलंय, आणि तिला आधी भिंगरीला भेटायचंय. टेम्पो चालूच आहे, त्या घरघरीत काकांना नुसतं नाव ऐकू आलंय, ते बसलेल्या आवाजात पुन्हा पुन्हा तिला समजावतायत, 'बाई, इथे या नावाचं कुणी नाही हो, तुम्ही चुकून आलात.' ती परत गाडीकडे वळतेय.

बाबा, ते नाव मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. मी धावते.