फुटपट्टीने चौऱ्याण्णव किलोमीटर

३ मार्च, सकाळी ८
दोन विमानतळांमधलं अंतर चौऱ्याण्णव किलोमीटर. वेबसाइटने सांगितलं, मी भिंतीवरच्या नकाशावर फुटपट्टी ठेवून शिक्कामोर्तब केलं. एकतीस वर्षं नकाशा विभागात उगाच नाही काढली. वेबसाइटवर प्रवासाचा वेळ चौदा मिनिटं दिलाय. तो विमानाचा. गाडीला पाचपट धरू. सत्तर मिनिटं.

दुपारी
योजना पक्की. लेक रविवारी एक वाजता आपल्या विमानतळावर उतरणार. नोकरीच्या गावाचं विमान त्या दुसऱ्या विमानतळावरून, साडेचारला. सोमवारी नऊला पहिल्या नोकरीवर हजर व्हायचंय. म्हणजे मधे वेळच वेळ. घरी जेवण, मग पंधरा मिनिटं डुलकी (माझी). आठ महिन्यांनी पोर घरी जेवेल.

४ मार्च
शेजारच्या टॅक्सीवाल्यांना सहज बोललो. म्हणाले, काका, मधे डोंगर आहे, वळसा पडतो, तीन तास धरा. धंदाच तो, वेळ फुगवणारच. म्हटलं, डोंगर मला काय सांगता, नकाशात मीच रंगवलाय. तपकिरी.

५ मार्च
बायको म्हणते, एकदा जाऊन बघून या. नकाशावर अविश्वास दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय गाडीचं मागचं चाक आवाज करतंय.

६ मार्च
लेकीचा फोन. बाबा, मी थेट टॅक्सीने जाते, म्हणाली. बाप जिवंत असताना? बायको म्हणाली, निदान डबा घेऊ, पोर गाडीतच खाईल. डबा नामंजूर. माणसाने ताटावर बसून जेवावं.

८ मार्च, रविवार, १.१५
विमान वेळेवर. लेक वाळलीय.

२.५०
निघालो. डुलकी रद्द केली. याला त्याग म्हणतात, पण घरात कदर नाही.

३.४०, पेट्रोल पंप
चोपन्न किलोमीटर झाले. चाळीस उरले. समोरची पाटी म्हणते एकशे सतरा. पाट्या रंगवणारं खातं वेगळं, तिथे सगळा आनंदच.

४.४०
डोंगर. पुढे ट्रक बंद पडलाय. डोंगर तपकिरी नाही, चांगला हिरवा आहे. बायको घड्याळ बघतेय. डोक्यावरून एक विमान गेलं. कुणी वर पाहिलं नाही.

९ मार्च
लेकीने ऑफिसला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, गुरुवारी नऊला आलात तर ठीक, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. पुढचं विमान बुधवारी. मी चूक कबूल केली असती, पण कुणी विचारलंच नाही.

१० मार्च, संध्याकाळी
उद्या लेक आणि तिची आई बसने जाणार. मी घरी थांबायचं ठरलंय. कुणी ठरवलं, कळलं नाही. बस सकाळी सहाला सुटते. विमानतळावर पोचल्याचा फोन माझ्या हिशेबाने आठला यायला हवा. बायकोच्या हिशेबाने साडेदहाला.
साडेदहा धरून चालतो.