एच म्हणजे हळुवार

३ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. गाडीला ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवायचं. हौस म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. सासऱ्यांच्या मणक्याचं ऑपरेशन बारा तारखेला आहे, वीसला डिस्चार्ज. पुढचे दोन महिने ते आमच्याकडे राहणार. घरी नेताना पाठीला एकही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. बायको म्हणाली, टॅक्सी बोलावू. फार लागलं मनाला. दारात स्वतःची गाडी असताना बाबा टॅक्सीने? मी म्हटलं, तळहाताच्या फोडासारखं जपून आणीन. तिने विचारलं, गाडी दोन इंच खाली बसवायलाही डॉक्टरांनीच सांगितलंय का? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
खोकं आलं. चार शॉकअप, लालभडक स्प्रिंगा. हॉलमध्ये सोफ्यावर ओळीने मांडून ठेवले. बायको खुर्चीवर बसली.

सोबतचं पुस्तक सव्वीस पानी, पण लिपी कुठलीशी परदेशी, त्यातला मला पूर्णविरामसुद्धा ओळखता येईना. चित्रं पुरेशी आहेत. प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक नॉब. बत्तीस क्लिक. एका बाजूला एच, दुसऱ्या बाजूला एस. पाच मिनिटं विचार केला आणि उलगडलं. एच म्हणजे हळुवार, एस म्हणजे सुसाट. मग लक्षात आलं की बनवणाऱ्यांना मराठी कुठून येणार? म्हणजे एच फॉर होम, एस फॉर स्पोर्ट. अर्थ तोच! दोन भाषांची साक्ष मिळाल्यावर कुणाला विचारायची गरज उरत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
बसवलं! मेकॅनिक माणूस बरा, पण सूचना फार करतो. शंभर किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बसतील, मग परत या, उंची सारखी करू, बोल्ट तपासू, चाकांची अलाइनमेंट करू. मी म्हटलं, अलाइनमेंट मला नजरेने कळते. तो म्हणाला, नजर सगळ्यांनाच असते साहेब, आणि हात पुसत राहिला. नॉबचं समजावायला लागला तेव्हा मी पुस्तक वाचल्याचं सांगितलं.

गाडी काय दिसते! खाली उभा राहून पंचवीस मिनिटं नुसती बघत होतो. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, पंक्चर झालीय का.

९ फेब्रुवारी, रविवार
स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी किंचित डावीकडे जाते. रस्त्याला तिकडे उतार असावा. परत येतानाही डावीकडेच गेली. म्हणजे रस्त्याला दोन्हीकडे उतार आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी ऑफिसला जाताना सोळा क्लिक. संध्याकाळी चार क्लिक एचकडे. जमीन-अस्मानाचा फरक. एवढं सूक्ष्म कळायला बुडाला उपजत जाण लागते, ती माझ्यात आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एकोणीस वर्षं बघतेय, ते एका जागेवरून हलत नाही एवढंच माहीत होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कालचं ऑपरेशन नीट झालं. सुटलो. बाबांनी डोळे उघडल्या उघडल्या विचारलं म्हणे, मला घरी कोण नेणार? बायकोच्या मते काळजीने विचारलं. माझ्या मते उत्सुकतेने.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आज शास्त्रशुद्ध चाचणी. मी डोळे मिटून उभं राहायचं, बायकोने नॉब फिरवायचे, मी एक चक्कर मारून सांगायचं. पहिली फेरी : खडबडीत. दुसरी : लोणी. तिसरी : लोणीच, पण मागच्या डाव्या बाजूला किंचित उग्र. सगळं लिहून घेतल्यावर तिने सांगितलं की तिने एकदाही नॉबला हात लावला नव्हता. बाकावर बसून चहा पीत होती.

निष्कर्ष : स्प्रिंगा बसताहेत. मेकॅनिक म्हणाला होता तसंच. त्याला श्रेय दिलं पाहिजे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
रंगीत तालीम. चारही नॉब एचच्या टोकाला, बत्तीसच्या बत्तीस क्लिक. बायको मागे, हातात पाण्याने भरलेला ग्लास. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर अर्धा ग्लास तिच्या अंगावर, अर्धा सीटवर. ग्लास जास्त भरला होता. शिवाय गाडीखालून खर्र आवाज आला. स्पीडब्रेकर तिरका घेतला की येत नाही. कमी येतो.

अजून थोडं हळुवार हवं, पण नॉब पुढे फिरेना. तेहतिसावा क्लिक ठेवायला काय जात होतं? बायको कपडे बदलताना म्हणाली, टॅक्सी. मी समजावलं की परवा तिघांचं वजन पडलं की स्प्रिंगा मोकळ्या होतील. विज्ञान आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
गाडी इतकी खाली की बाबांना सीटवर नव्हे, जवळजवळ जमिनीवरच बसवावं लागलं. नर्स, बायको आणि मी, तिघांनी मिळून. बाबा मुळात कमी बोलतात.

हॉस्पिटलच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तिरका घेतला. धाडकन आपटली. बाबा मोठ्याने ओरडले, आई गं! एकोणीस वर्षांत या माणसाचा चढा आवाज मी ऐकला नव्हता.

पुढचा खड्डा चालणाऱ्या माणसापेक्षा हळू घेतला. तरी तेच. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाले, जावईबापू, गाडी फार छान आहे, मला इथे उतरवा, मी चालत येतो.

बायकोने उतरून टॅक्सी थांबवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आमची गाडी घेऊन मागून निघालो. टॅक्सी जुनाट, खड्ड्याखड्ड्याला मागून डुलत होती, आणि मागच्या काचेतून बाबांचं डोकं दिसत होतं. शांत. मला रडू येत होतं, पण डावीकडे ओढणारी गाडी सरळ ठेवायची होती.

संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या खोलीत गेलो. पाणी हवं का, विचारून परत आलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
रजा टाकून गॅरेज. मेकॅनिकने बॉनेटवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. गाडी ढिम्म. नॉब बघितला. विचारलं, फुल हार्ड कुणी केलं? मी म्हटलं, एच आहे तो. तो म्हणाला, होय साहेब. एच म्हणजे हार्ड. एस म्हणजे सॉफ्ट.

मी म्हटलं, ते माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.

पुढचे तीन तास तो गाडीखाली होता. उंची वाढवली, बोल्ट पुन्हा आवळले, अलाइनमेंट केली. पुढचे टायर आतल्या बाजूने झिजलेले दाखवले आणि नजरेबद्दल चकार शब्द काढला नाही. चांगला माणूस आहे. निघताना म्हणाला, आता नॉबला हात लावू नका.

२३ फेब्रुवारी, रविवार
गाडी सरळ जाते. स्पीडब्रेकरवर आवाज नाही. सगळे म्हणतील मऊ झाली. म्हणजे विचारलं तर म्हणतील. कुणी बसत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
बाबांची तपासणी. सकाळी मी सहज म्हटलं, गाडी आता पाळण्यासारखी झालीय. बाबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. टॅक्सी येऊन उभी होती.

मीही बसलो, पुढे. रुसून नव्हे, तांत्रिक पाहणी करायला. बारा वर्षांची गाडी, मागचा डावा शॉकअप पार गेलेला, स्प्रिंगा लेच्यापेच्या. एकूण चारही चाकांची अवस्था चिंताजनक. ड्रायव्हरला हे सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं, पहिला सिग्नल गेल्यावर.

हॉस्पिटलच्या दारात बायकोने आधी बाबांना जागं केलं. मग मला.