टेनर जावई

ती. दादास,

तुला वाकून नमस्कार (कंबर जेवढी वाकते तेवढा). गुडघा कसा आहे? बरा असेल तर उगाच जिने चढून दाखवू नकोस. वहिनीची खुशाली कळव. मी धडधाकट आहे, फक्त डोकं जाग्यावर नाही.

मंगळवारी लेकीकडे पोचले, आणि लेक त्याच दिवशी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेली. घरात मी आणि जावई. दार त्यानेच उघडलं, हसला, बॅग घेतली, पण तोंडातून चकार शब्द नाही. म्हटलं, दमला असेल. बुधवारीही तेच. मी काही विचारलं की गळ्याला बोट लावायचा आणि हात जोडायचा. चिठ्ठ्या लिहायचा, पण अक्षर असं की मुंगी शाईत पडून पळाली. (डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तीस वर्षं वाचल्या मी, ह्याची वाचता येईना.) गळ्याला मफलर, आणि खोलीत दिवसभर वाफ सोडणारं एक यंत्र. इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्मभर वाफ खाल्ली ती पगार घेऊन, घरात फुकट कोण खाणार? मी ते बंद करायचे, तो चालू करायचा. दोन दिवस आमचं एवढंच संभाषण. तो गातो हे ठाऊक होतं, पण गाणाऱ्याने बोलू नये? न्हावी कधी कात्री जपून ठेवतो का? शेवटी लेकीला फोन केला, तर ती घाईत म्हणाली, "आई, त्याला बोलायला लावू नकोस गं," आणि ठेवलाच. म्हणजे बोलला तर माझ्याबद्दल वाईटच बोलणार!

शुक्रवारी सकाळी बॅग भरली. नको असलेल्या घरात मी पाणीही पीत नाही. रस्त्यापलीकडे बस आली, एक पाय वर टाकला, तेवढ्यात मागून "आई, थांबा!" दादा, काय तो आवाज! धुलाईखान्यात सहा यंत्रं चालू असताना मी हाक मारायचे ती ह्याच्यापुढे कुजबुज. ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. जावई अनवाणी धावत आला आणि एका दमात म्हणाला, "सहा वर्षं मागच्या रांगेत उभा राहून गातोय. उद्या पहिल्यांदा मुख्य काम आहे. गळ्याला विश्रांती म्हणून गप्प होतो. तुमच्यावर कशाला रागावू?" आणि शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. (ड्रायव्हर म्हणतो, "बाई, येताय का राहताय?")

मग दिवसभर ते यंत्र मीच भरत बसले, आणि मीही बोलले नाही. संध्याकाळी लेक आली, आम्हां दोघांकडे बघून म्हणाली, "भांडलात की काय?"

शनिवारी ऑपेरा पाहिला, म्हणजे सगळं नाटक गाऊनच. टेनर म्हणजे पुरुषांतला सगळ्यात वरचा आवाज, असं लेकीने कानात सांगितलं. आपला जावई एवढा धिप्पाड आणि आवाज वर, आणि जो काटकुळा खलनायक तो विहिरीतून बोलल्यासारखा खाली. उलट नको का? नायिका टेनरवर मरते, मग टेनर खरंच मरतो, आणि मरताना दहा मिनिटं गातो. (इस्पितळात पुष्कळ माणसं जाताना पाहिली. एवढा दम असलेल्याला डॉक्टर घरी सोडतात.) शेवटचा सूर सगळ्यात उंच. लेकीने माझा हात आवळला. सूर वर गेला, मध्येच चिरकला, आणि पुन्हा सावरून उभा राहिला. लोक उठून टाळ्या पिटायला लागले. चांगलं झालं की वाईट ते मला कळेना. मी रडत होते, ते का तेही कळेना.

तुझी,
धाकटी

ता. क. पेपरात छापून आलंय, "शेवटच्या सुरातली वेदनेची चीर काळजाला भिडली." चीर कुठून आली ते जावयाला आणि मला ठाऊक, लेकीला नाही. तिचा फोन आला तर जिभेला आवर घाल.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. येत्या शनिवारी पुन्हा प्रयोग आहे, आणि वादकांपुढे काठी हलवणाऱ्या साहेबांना ती चीर पुन्हा हवी आहे. म्हणजे आदल्या दिवशी त्याने एकदा जोरात ओरडायला हवं. मला काही आता त्याच्यावर रुसता येत नाही, खोटं रुसले तर तो हसतो. तेव्हा तू गुरुवारीच ये. तुझ्याशी पंधरा मिनिटं बोलून न ओरडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.